ट्रक निघण्याआधी वाडीवर या



दिवाळी दहा दिवसांवर आली आहे. तुमच्याकडे चकलीची भाजणी दळून आली असेल, माळ्यावरचा कंदील खाली उतरला असेल. याच दिवसांत रायगड, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या कातकरी आदिवासी वाड्यांवर वेगळीच आवराआवर चालते. दोन भांडी, चार गोधड्या, कोयता, तांदळाचे गाठोडे, जमल्यास एखादी कोंबडी, एवढे बोचक्यात बांधायचे आणि ट्रकची वाट पाहायची. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात ट्रक येतात, बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर नेऊन उतरवली जातात. त्यांतली काही कामाला जातात आणि हंगाम संपला की चार पैसे घेऊन परत येतात. काही मात्र गाडीत चढण्याआधीच विकली गेलेली असतात.

हे पत्र त्या पंधरवड्याआधीच्या दिवसांसाठी आहे. ते वाचून हळहळ वाटावी म्हणून मी लिहिलेले नाही. मला तुमचा एक दिवस हवा आहे, आणि तो येत्या पंधरा दिवसांतलाच हवा आहे.

मी कोण, ते आधी सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकतीस वर्षे शिकवले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पटावरच्या काही नावांपुढे गैरहजेरी लागायला सुरुवात व्हायची आणि ती थेट वार्षिक परीक्षेपर्यंत चालायची. त्या नावांपुढे मी ‘पालकांसह स्थलांतरित’ असा शेरा लिहीत असे. तपासणीला येणाऱ्या साहेबांना तो पुरायचा आणि खरे सांगायचे तर मलाही पुरायचा. एका वर्षी चौथीतली एक मुलगी जूनमध्ये शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर आली. इतके दिवस कुठे होतीस, असे विचारले तर म्हणाली, “बा सुटला नव्हता, गुरुजी. बाकी ऱ्हायली व्हती.” मी मान हलवली आणि तिला जागेवर बसायला सांगितले.

‘सुटणे’ हा शब्द आपण शाळेसाठी वापरतो, नाहीतर तुरुंगासाठी. तिचा बाप शाळेत नव्हता आणि तुरुंगातही नव्हता. तो एका भट्टीवर होता. भर पावसात, भट्टी बंद झाल्यावरसुद्धा, तिथून निघण्याची मुभा त्याला नव्हती. हे माझ्या डोक्यात शिरायला आणखी काही वर्षे गेली. मी तिला एक प्रश्न जास्त विचारला असता तर ती गोष्ट मला त्याच दिवशी कळली असती. तो न विचारलेला प्रश्न आज मी तुमच्या हाती देतो आहे.

पैसे अंगावर घेणे

आपल्या भाषेत कर्ज ‘डोक्यावर’ असते. भट्टीवर जाणाऱ्या माणसाचे कर्ज ‘अंगावर’ असते. “शेठकडून पैसे अंगावर घेतलेत,” असे तो म्हणतो. सावकार शेत गहाण ठेवून घेतो, सोनार डोरले ठेवून घेतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो स्वतःचे अंगच गहाण टाकतो.

हे घडते कसे, ते पाहा. आषाढात भाताची लावणी असते, हाताला काम असते. श्रावण लागला की लावणी संपते आणि कापणीला अजून अवकाश असतो. हे दोन महिने वाडीवर सर्वांत कठीण. रानभाज्या, खेकडे, नदीचे मासे आणि रेशनचा तांदूळ, तोही कार्ड असेल आणि अंगठा जुळला तर. अशातच कोणी आजारी पडते, कोणाचे बाळंतपण येते, कोणाचे लग्न ठरते. नेमक्या याच वेळी, गणपतीच्या सुमारास, शेठचा माणूस किंवा मुकादम वाडीवर येतो आणि काही हजार रुपये हातावर ठेवतो. कोणी त्याला खावटी म्हणते, कोणी उचल, कोणी बयाणा. कागद बहुधा नसतो. असलाच तर कोऱ्या कागदावर अंगठा.

दिवाळीनंतर ट्रक येतो. भट्टीवर पालाची नाहीतर कच्च्या विटांची झोपडी उभी राहते. मध्यरात्र उलटली की उठायचे, चिखल मळायचा आणि उजाडेपर्यंत विटा पाडायला बसायचे. नवरा, बायको, म्हातारी आई, आठ-दहा वर्षांची पोरे, सगळे राबतात. वहीत नाव मात्र एकट्या पुरुषाचे. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण रोख हाती पडत नाही. बाजारापुरती आठवड्याची खर्ची मिळते आणि तीही हिशेबात लिहिली जाते. औषध लिहिले जाते, तांदूळ लिहिला जातो. आजारपणाने बुडालेला दिवस लिहिला जातो. अवकाळी पाऊस येऊन कच्च्या विटा विरघळल्या तर तो तोटाही बहुधा पाडणाऱ्याच्याच अंगावर टाकतात. वही शेठची, लेखणी शेठची आणि वाचता येणारा माणूसही शेठचाच.

हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. सहा-सात महिने आख्ख्या घराने राबून कळते की बाकी निघाली. ती पुढच्या वर्षावर जाते. पुढच्या वर्षी दुसऱ्या भट्टीवर, जवळच्या, चांगला भाव देणाऱ्या मालकाकडे जायची सोय उरत नाही. कोणी पळून गेलेच तर वाडीवर गाडी येते. बाप मेला तर मुलाला सांगतात, तुझ्या बाची बाकी आहे.

उसाच्या फडात हेच चालते, फक्त शब्द बदलतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते आणि बुडालेल्या दिवसाचा ‘खाडा’ कापला जातो. गुऱ्हाळ असो, खडी फोडण्याचे काम असो की विहिरीचे, जिथे उचल माणसाला धरून ठेवते तिथे एकच यंत्र चालू असते.

याला गुलामगिरीच का म्हणायचे

‘मानवी तस्करी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फसवून कुंटणखान्यात विकलेली मुलगी येते. तो भीषण व्यापार आजही चालू आहे आणि त्याविरुद्ध लढणाऱ्यांना आपला आधार हवाच. पण कायद्यातली व्याख्या त्याहून मोठी आहे. कायद्याच्या मराठीत तिला ‘मानवी अपव्यापार’ म्हणतात. माणसाला कामाला लावून देणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे. त्यासाठी धाक, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा पैशाचे आमिष वापरणे. आणि हे सारे त्याला पिळून घेण्यासाठी करणे. तिन्ही गोष्टी जुळल्या की गुन्हा पूर्ण होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये त्याला किमान सात वर्षे सक्तमजुरी आहे. बळी अठरा वर्षांखालचा असेल तर किमान दहा वर्षे, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. मुलाला ताब्यात घेण्यासाठी आईबापांच्या हातावर पैसे ठेवणे हेही आमिषच, असे कायदा स्पष्ट म्हणतो. पिळल्या जाणाऱ्याची ‘संमती’ होती, ही सबब त्यात चालत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे पाच कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत आहेत. त्यांतली जवळपास २.८ कोटी सक्तीच्या श्रमात आणि २.२ कोटी सक्तीच्या विवाहात अडकलेली आहेत. हा आकडा एवढा मोठा आहे की तो आपल्या गावाबद्दल आहे असे वाटतच नाही. म्हणून आपल्याच राज्यातल्या दोन घटना सांगतो.

२०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली सुमारे दहा वर्षांची एक कातकरी मुलगी मेली. तिला मेंढ्या राखायला दिले होते. तिच्या मृत्यूनंतर चौकशी सुरू झाली, तेव्हा तशीच आणखी मुले शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मेंढपाळांकडे सापडली. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी, एवढ्या मोलावर ही लेकरे वाडीवरून उठली होती. ज्यांनी ती नेली तेही रानोमाळ भटकणारे, हातावर पोट असलेले लोक. गरिबाने गरिबाचे लेकरू राबवले, म्हणून गुन्हा लहान होत नाही. आपण सगळे मिळून त्या लेकरांपासून किती लांब उभे होतो, तेवढे मात्र त्यातून कळते.

दुसरी घटना २०२३च्या जूनमधली, धाराशिव जिल्ह्यातली. विहिरी खोदण्याच्या कामावर ठेवलेल्या ११ मजुरांची पोलिसांनी सुटका केली. कामाचे आमिष दाखवून दलालांनी त्यांना कंत्राटदारांच्या हवाली केले होते. दिवसभर विहिरीत खोदकाम करून घ्यायचे आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधून ठेवायचे. त्यांच्यातला एक जण कसाबसा निसटला, त्याने तोंड उघडले, म्हणून बाकीचे सुटले. शिवारातली विहीर लपून खोदता येत नाही. बांधावरून रोज माणसे जात-येत होती.

कायद्याने बाकी केव्हाच फेडली आहे

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी घातली. वेठबिगारी संपवणारा केंद्रीय कायदा १९७६ साली झाला आणि तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला गेला. आज त्याला पन्नास वर्षे झाली. या कायद्याने काय केले, ते वाडीवर जाऊन मोठ्याने सांगण्यासारखे आहे. त्याने वेठबिगाराच्या अंगावरचे कर्ज रद्द केले. हप्ते पाडून दिले किंवा व्याज माफ केले असे नाही, ते फेडण्याची जबाबदारीच संपवली. हे कर्ज वेठबिगारीचे नव्हते, असे कोणाला म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर टाकला. पुरावा गोळा करायला मजुराला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

वेठबिगार ओळखायचा कसा? त्यासाठी वकिलाची गरज नाही. आगाऊ पैसे घेतलेल्या माणसाला चार गोष्टी विचारा. तुला हवे तेव्हा काम सोडून दुसरीकडे जाता येते का? हवे तिथे हिंडता-फिरता येते का, निदान बाजाराला, वाडीवरच्या मयताला? सरकारने ठरवलेली किमान मजुरी मिळते का? तू पिकवलेले किंवा बनवलेले बाजारभावाने विकता येते का? यातल्या एकाही गोष्टीला त्या पैशांपायी आडकाठी असेल तर त्याला वेठबिगारी म्हणतात. साखळी दिसलीच पाहिजे अशी अट नाही. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवून घेणे हीदेखील सक्तीची मजुरी आहे, कारण भूक हीसुद्धा एक सक्तीच असते. पुढच्या वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असेल तर ते आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने आणि सरकारने दाखवावे.

सुटका झाल्यावर प्रशासनाने मुक्ततेचा दाखला द्यायचा असतो. या कागदावर पुढचे सगळे उभे आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत सुटकेनंतर ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे. त्यापुढे पुरुषाला एक लाख, महिला आणि मुलांना दोन लाख आणि अत्यंत अमानुष शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने ती बहुधा रखडते. म्हणूनच दाखला आणि तातडीची मदत पहिल्या काही दिवसांतच मिळवावी लागते. दाखल्याविना घरी परतलेले कुटुंब सरकारी दप्तरात सुटलेलेच नसते. पुढच्या भाद्रपदात तोच मुकादम त्याच दारात उभा राहतो.

“ते आपणहून जातात”

हे वाक्य मी तहसीलच्या कचेरीत ऐकले, शाळेत ऐकले, एसटीत ऐकले, आणि मी स्वतःही बोललो आहे. आपणहून जातात, पैसे घेतात, मग फेडायला नकोत का?

घेतलेल्या पैशांचे काम करावे, याबद्दल वाडीवर कोणाचा वाद नाही. कातकरी माणूस घेतलेल्या शब्दाला किती जागतो, ते त्याच्या शेठला चांगले माहीत असते. त्याच्या प्रामाणिकपणावरच तर ही वही चालते. आगाऊ रक्कम देणे हा गुन्हा नाही. ती देऊन माणसाच्या जाण्यायेण्यावर, मजुरीवर आणि पुढच्या वर्षावर ताबा मिळवणे हा गुन्हा आहे. चुलीवर काही नसताना, लेकरू तापाने फणफणत असताना, समोर एकच हात पैसे घेऊन उभा असताना होकार दिला, तर तो होकार कोणाचा? त्या माणसाचा की त्या भुकेचा?

दुसरे वाक्य: “त्यांना सवयच झालीय.” याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापोटी नवरा-बायकोने मिळून त्याच्याकडे गडी म्हणून राबायचे, कित्येकदा जन्मभर. त्यांनाही सवयच झाली होती, असे त्या वेळचे शहाणे म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली आदिवासी उभे राहिले, वेठ बंद म्हणाले आणि गोळीबार झेलूनही मागे हटले नाहीत. पुढे १९८०च्या दशकात वसईच्या परिसरात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटनेच्या माध्यमातून वेठबिगारांना कायद्याच्या आधाराने सोडवायला सुरुवात केली. तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत कागद लढवला गेला आणि माणसे जमीनदारांच्या वाड्यांतून, शेतांतून मोकळी झाली. या कामासाठी १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने या दोघांना गौरवले. सवय झालेली माणसे अशी उठत नाहीत. ती उठली, कारण कोणीतरी वाडीवर येऊन त्यांच्या शेजारी बसले होते.

आता तुम्ही काय करायचे

शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनो, या गोष्टीची पहिली खबर तुम्हालाच असते. सुट्टी लागण्याआधी यादी करा: कोणते कुटुंब जाणार, कोणाबरोबर, कुठे, किती पैसे घेतले, कोणती मुले सोबत जाणार. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे भट्टीजवळची शाळा त्याला बसवून घेईल. आजी-आजोबांजवळ, आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात जी मुले मागे राहू शकतात, त्यांच्यासाठी आजच धावपळ करा. माझ्यासारखा नुसता शेरा लिहून थांबू नका.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनो, गावातून बाहेर कामाला जाणाऱ्यांची एक वही ठेवा. गाडीचा नंबर, मुकादमाचे नाव, त्याचा फोन, भट्टीचा पत्ता. गाव लिहून घेते आहे एवढे कळले तरी मुकादमाचा आवाज खाली येतो. श्रावणात रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करायला वाडीला मदत करा. भाद्रपदात हातात मजुरी असेल तर अंगावर उचल घ्यायची वेळ येणार नाही. या रोगाचे मूळ त्या दोन महिन्यांच्या भुकेत आहे.

घर बांधणाऱ्यांनो, बिल्डर आणि कंत्राटदारांनो, विटेचा भाव विचारता, तसा आणखी एक प्रश्न विचारा: ही वीट कोणी पाडली, त्याला मजुरी रोख मिळते का, भट्टीवरची मुले शाळेत जातात का? शक्य असेल तर स्वतः जाऊन पाहा. वास्तुशांतीला आपण भूमीची क्षमा मागतो. त्या भिंतीतली वीट एखाद्या सात वर्षांच्या पोरीने वाहिलेली असेल, तर तिची क्षमा कोण मागणार?

भट्टीमालकांनो, तुमच्यातल्या अनेकांना मी ओळखतो. तुम्हीही उधारीवर माती आणि कोळसा आणता, तुमचेही पैसे वर अडकलेले असतात. तरीही वही उघडी ठेवा. दर आठवड्याला मजुराच्या समोर, त्याला समजेल असा हिशेब वाचून दाखवा. स्त्रीच्या कामाचे पैसे तिच्याच खात्यात टाका. मुलांना चिखलाजवळ फिरकू देऊ नका. ज्याला जायचे आहे त्याला जाऊ द्या. एवढे केले तर तुम्हाला कोणत्याही कायद्याची भीती नाही आणि पुढच्या वर्षी माणसे आपणहून तुमच्याकडे येतील.

ट्रकचालक, टपरीवाले आणि हायवेवरच्या हॉटेलवाल्यांनो, मध्यरात्री लेकराबाळांनी भरलेली गाडी थांबली, माणसे खाली उतरायला कचरत असली, त्यांच्या वतीने एकच जण बोलत असला, तर ११२ वर कळवा. लहान मुले कामावर दिसली तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. महिलांसाठी १८१ आहे. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे. हे चार क्रमांक गल्ल्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

वकील, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनो, तुमच्यातल्या प्रत्येकाने एका कुटुंबाचे पालकत्व एका वर्षापुरते घ्या. आधार, जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँक खाते. कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी योजना आहेत, पण कागद नसल्याने त्या उंबऱ्यावरच अडतात. कचेरीची भाषा तुम्हाला येते. ती त्यांच्यासाठी बोला.

खबर कशी द्यायची

भट्टीवर, फडात किंवा विहिरीवर काही दिसले तर स्वतः वाद घालायला जाऊ नका. मालक सावध होतो, रातोरात गाडी भरतो आणि कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्यात गडप होतात. मुलांचे, बायकांचे फोटो काढून मोबाईलवर फिरवू नका. त्यात त्यांची लाज जाते आणि खटलाही कमकुवत होतो. फक्त नीट पाहा आणि लिहून काढा: जागेची खूण, अंदाजे किती कुटुंबे, किती मुले, कुठून आलेली, कोणी आणलेली, कोणती बंधने. हे लेखी निवेदन तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि त्याची पोच घ्या. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात या कायद्याखाली दक्षता समिती असायला हवी. ती आपल्याकडे आहे का आणि शेवटची कधी बसली, हेही त्याच पत्रात विचारा. मजूर आदिवासी असतील तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लावावीत, अशी मागणी लिहा. त्या कायद्यातही वेठबिगारीची सक्ती हा गुन्हा आहे.

मजुरांचे जबाब मालकापासून दूर घेतले जातील, नवरा-बायकोचे वेगवेगळे घेतले जातील, याचा आग्रह धरा. शेठ समोर बसला असेल तर प्रत्येक जण “आमचं बरं चाललंय” असेच म्हणणार. आणि सुटका झाली म्हणून घरी परतू नका. दाखला हातात पडेपर्यंत, पैसे खात्यात जमा होईपर्यंत आणि पहिला महिना चूल पेटती राहील एवढे धान्य वाडीवर पोहोचेपर्यंत सोबत राहा.

पंधरा दिवस

चौथीतली ती मुलगी पाचवीला आली नाही. तिच्या नावापुढे मी पुन्हा तोच शेरा लिहिला. पुढे कधीतरी तिचे नाव पटावरून कमी झाले. आज ती असेल तर तिची स्वतःची लेकरे शाळेच्या वयाची असतील. ती कोणत्या भट्टीवर आहेत, हे मला ठाऊक नाही, आणि या पत्रातले प्रत्येक वाक्य मी त्या लेकरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

तुम्ही सगळीच कामे करा, असे माझे म्हणणे नाही. वरच्या यादीतले एक काम उचला. तुमच्या घरापासून सर्वांत जवळची वाडी कोणती, ते गावातल्या शाळेत विचारा. लक्ष्मीपूजनाआधी नाहीतर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिथे जा. फराळाचा डबा नेलात तर आनंदच आहे, पण सोबत वही आणि पेन न्या. खाली बसा, पाणी मागून प्या आणि विचारा: “दादा, यंदा कोणाचे पैसे अंगावर घेतलेत?”

आता फक्त ऐका. उत्तर लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागदावर उतरवून तहसीलच्या टेबलावर ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

ट्रक ठरल्या रात्री येईलच. त्याआधी तुम्ही या.

आपला,
रायगड जिल्ह्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक